राणीछाप रुपयाचा खरा हिशोब
जुनी नाणी ऑनलाइन घेताना आणि विकताना पैसा कुठे कुठे जातो

दिवाळीच्या आवराआवरीत आजीच्या पेटीतून राणीछाप रुपये निघतात आणि घरात लगेच विचारणा सुरू होते, याचे किती येतील? त्याच आठवड्यात कुणाच्या तरी मोबाइलवर एक रुपयाला दहा लाख देणारा व्हिडिओ येतो. किंमत काढायची असेल तर तो व्हिडिओ बाजूला ठेवा आणि चांदीपासून सुरुवात करा.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. पुढे नाण्यावरचे चेहरे बदलले. विल्यम गेला, व्हिक्टोरिया आली, मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज. हे प्रमाण मात्र १९३९ पर्यंत तसंच राहिलं. त्यामुळे या काळातल्या कुठल्याही बंद्या रुपयात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम असते. चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला तर नुसत्या धातूचे १,०६९ रुपये होतात; भाव २०० धरला तर २,१३८. चांदीच्या अधेलीत याच्या निम्मी चांदी, पावलीत चौथाई, चवलीत आठवा हिस्सा. नाणं वापरून झिजलेलं असेल तर वजन थोडं कमी भरतं, म्हणून तराजूवर जे येईल त्यावरच हिशोब करा. सराफ मोडीच्या भावात आणखी थोडी तूट धरतो, हेही लक्षात ठेवा.

दोन ठिकाणी मात्र हा हिशोब चुकतो. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा चवली, पावली आणि अधेली तांबं-निकेलच्या मिश्रधातूत निघू लागल्या. पावली आणि अधेलीच्या बाबतीत हे दोन-तीन वर्षंच चाललं, चवली मात्र नंतरही तशीच राहिली. आणि १९४० पासून रुपयातली चांदी एकदम निम्म्यावर आली. सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ मधला रुपया वजनाला तेवढाच, पण त्यात चांदी ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघ असलेला रुपया तर शुद्ध निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक लावा, चटकन चिकटतो. चांदीला चुंबक चिकटत नाही. तरीही जाहिरातींत हाच रुपया ‘इंग्रजांच्या काळातला चांदीचा’ म्हणून विकायला ठेवलेला दिसतो, आणि चुंबक जवळ नसलेला माणूस फसतो.

चांदीच्या भावाच्या वर मिळणारा प्रत्येक रुपया तीन गोष्टींवर ठरतो: साल, टांकसाळ आणि नाण्याची अवस्था. नाणं किती जुनं आहे, याला लोक समजतात तितकं महत्त्व नाही.

जुनं असणं आणि दुर्मिळ असणं

१८४० साल कोरलेला व्हिक्टोरियाचा रुपया पाहिला की आपण भारावतो. पण ते साल गोठवलेलं होतं. १८४० हेच साल घालून पुढे वीसेक वर्षं रुपये पडत राहिले. त्यानंतर १८६२ साल आलं, तेही १८७४ पर्यंत तसंच राहिलं. या काळात मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष ओळखू यावं म्हणून सालाच्या आसपास बारीक ठिपके घातले. १८६२ चा रुपया हातात आला तर भिंगाखाली हे ठिपके मोजा, काही प्रकारांना संग्राहक वेगळा भाव देतात. ठिपक्यांचा साधा प्रकार असेल तर चांदीच्या वर थोडंफार मिळेल, एवढीच अपेक्षा ठेवा.

पाचव्या जॉर्जच्या रुपयांचंही तेच. महायुद्धाच्या वर्षांत हे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. त्यासाठी चांदी कमी पडली तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली. त्यामुळे १९१६ ते १९२० मधला साधा, हाताळलेला रुपया घरोघरी सापडतो. तो जपण्यासारखा नक्की आहे, पण त्यासाठी चांदीच्या दुप्पट किंमत मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

खरोखर जास्त भाव मिळणारी नाणी थोडी आहेत, आणि त्यांची ओळख करून घ्यायला फार वेळ लागत नाही. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सरकारने नाणी मागे घेतली आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड ठळक करून नवा साचा आणला. बाजारात राहून गेलेल्या १९११ च्या नाण्याला म्हणूनच किंमत आहे. त्याहून मोठं नाव १९३९ च्या रुपयाचं. जुन्या प्रमाणातला तो शेवटचा रुपया. युद्धकाळात सरकारने चांदीचे जुने रुपये परत घेऊन वितळवले, त्यात याचा बहुतेक साठा गेला. चांगल्या अवस्थेतला अस्सल १९३९ पाच-सहा आकडी रकमेत विकला जातो.

आणि म्हणूनच त्याची नक्कल सर्वांत जास्त होते. ही लबाडी समजून घेण्यासारखी आहे. १९३८ चा रुपया त्याच वजनाचा, त्याच चांदीचा, तशाच साध्या दातेरी कडेचा आणि तुलनेने सहज मिळणारा. त्यातल्या ८ ला कोरून ९ केला की तराजू आणि चांदीची कसोटी, दोन्हींत नाणं पास होतं. फसवणूक दिसते ती फक्त त्या एका आकड्यात. दहापट भिंगाखाली ९ च्या खालच्या अर्ध्या भागाकडे बघा. तिथली पृष्ठभागाची चकाकी शेजारच्या भागापेक्षा वेगळी आहे का? खरवडल्याच्या रेषा आहेत का? आकड्याची उंची शेजारच्या ३ इतकीच आहे का? नाण्याच्या कडेला मधून खाच गेलेली असेल तर ती सुरक्षा-कड १९४० पासूनची, म्हणजे नाणं १९३९ चं असूच शकत नाही. एवढं बघूनही शंका उरली तर अशा नाण्यात ग्रेडिंगशिवाय पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी कोरलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ किंवा ‘१६१६’ असं लिहिलेली तांब्याची नाणी हा वेगळाच प्रकार. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. तांदूळ ओढून घेणारं नाणं म्हणून लाखोंच्या गोष्टी सांगितल्या जातात त्या याच बिल्ल्यांच्या. त्यांची किंमत पितळ-तांब्याच्या तुकड्याइतकी.

आधी पाणीसुद्धा लावू नका

लक्ष्मीपूजनाला नाणी घासून लख्ख करायची आपल्याकडची रीत आहे. चिंच, लिंबू, मीठ, भांडी घासायची पूड, सगळं वापरलं जातं. संग्राहकाच्या नजरेत एवढ्यानेच नाण्याचा भाव पार कोसळतो. चांदीवर वर्षानुवर्षांत चढलेला करडा, निळसर किंवा सोनेरी थर हा अस्सलपणाचा पुरावा असतो. तो गेला की पृष्ठभागावर एकाच दिशेच्या बारीक रेषा उरतात आणि त्या कधीच जात नाहीत. माळेसाठी कडी जोडलेली नाणी, भोक पाडलेली नाणी, डाग काढून बुजवलेली नाणी, यांनाही चांदीचाच भाव मिळतो. पूजेला दोन-चार रुपये वेगळे काढा आणि बाकीच्यांना हात लावू नका. त्यांना हाताळताना बोटं फक्त कडेला लागू द्या.

साठवणीचा खर्च नगण्य आहे. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातून निघणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलरची पाकिटं किंवा कडक प्लास्टिकच्या डब्या साधारण दहा ते तीस रुपयांना एक अशा मिळतात. एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा तराजू, दहापट भिंग, व्यास मोजायला कॅलिपर आणि एक लोहचुंबक हे सगळं दीड-दोन हजारांत होतं. नव्या माणसाने पहिला पैसा इथेच घालावा.

दुसरा पैसा पुस्तकात. पॉल स्टीव्हन्स आणि रँडी वेयर यांनी १८३५ ते १९४७ च्या नाण्यांची जी सूची केली आहे, ती या विषयातली हाताशी ठेवण्यासारखी. तिच्याआधीचा आधार म्हणजे प्रिडमोर यांच्या ग्रंथमालेतला भारतावरचा भाग. दोन्ही स्वस्त नाहीत. ते जमेपर्यंत नुमिस्टा ही ऑनलाइन सूची फुकट आहे आणि सुरुवातीला पुरते. प्रत्यक्ष नाणी डोळ्यांखालून जाण्यासाठी मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन केंद्र आहे. अस्सल नाणी शे-दोनशे वेळा नीट पाहिलेल्या डोळ्याला नक्कल लवकर खटकते.

ग्रेडिंग: कुणाला परवडतं

नाण्याची अवस्था सांगायच्या दोन पद्धती आहेत. इंग्रजी परंपरेत फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड अशा पायऱ्या. अमेरिकन परंपरेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ची मोजणी. आज एनजीसी आणि पीसीजीएस या दोन अमेरिकन संस्था तिच्यावर चालतात. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि प्लास्टिकच्या बंद डबीत घालून परत पाठवतात. हीच स्लॅब. घासलेलं किंवा दुरुस्त केलेलं नाणं असेल तर आकडा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात, आणि त्या शेऱ्याने भाव पडतो.

अवस्था घरी ओळखायची असेल तर सर्वांत उंच भाग आधी झिजतो, हे सूत्र धरा. मुकुटवाल्या व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुटाच्या कडेचे मणी आणि छातीवरच्या वस्त्राची नक्षी बघा. एडवर्डच्या रुपयावर कानाभोवतीचे आणि कानावरचे केस. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर तोच झग्यावरचा हत्ती आणि मुकुटाची कमान. हत्तीचे पाय, सोंड सुटे दिसत असतील तर नाणं व्हेरी फाइनच्या वर आहे. हत्तीच्या जागी नुसता उंचवटा उरला असेल तर ग्रेडिंगचा विचार सोडा. टांकसाळही नाण्यावरूनच कळते. पाचव्या जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला, खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर नाणं मुंबईचं, नसेल तर कोलकात्याचं.

आता खर्च. या संस्थांची साध्या नाण्याची फी साधारण वीस-तीस डॉलरच्या घरात सुरू होते. त्यावर प्रत्येक अर्जाची हाताळणी, परतीचा टपाल खर्च आणि विमा. मधल्या डीलरमार्फत पाठवलं तर त्याचं शुल्क वेगळं. सगळं मिळून नाण्यामागे तीन ते पाच हजार रुपये जातील असं धरून चला, आणि नाणं परत यायला काही महिने. चांदीसकट दोन-अडीच हजारांचा रुपया त्यात घालणं म्हणजे निव्वळ तोटा. ज्या नाण्याची किंमत पंधरा-वीस हजारांच्या पुढे आहे किंवा ज्याच्या अस्सलपणावरच सगळी किंमत उभी आहे, तेवढंच पाठवावं.

पण त्याआधी कायदा बघा. पुरावस्तू आणि कलाकृतींविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. पाचव्या जॉर्जचे १९११ ते १९२२ मधले सगळे रुपये आता शंभरी ओलांडून गेले आहेत, व्हिक्टोरिया आणि एडवर्ड तर केव्हाच. म्हणजे अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवायची बहुतेक नाणी या कायद्याखाली येतात. ‘आमच्याकडून सगळे पाठवतात’ हे डीलरचं उत्तर पुरेसं नाही. कोणत्या परवानगीने पाठवता, कागद दाखवा, असं विचारा. कागद नसेल तर नाणं देऊ नका, कारण कस्टमने अडवलं तर ते जप्त होऊ शकतं. लंडनला किंवा न्यू जर्सीला असलेल्या मुला-नातवंडांच्या बॅगेत आजीचे राणीछाप रुपये आठवण म्हणून ठेवणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. १९३९ चा रुपया मात्र अजून शंभरीच्या आत आहे.

लिलावातला छुपा फरक

ऑनलाइन खरेदीच्या वाटा मुख्यतः तीन. जाहिरातींची स्थळं आणि समाजमाध्यमांवरचे गट, डीलरांची स्वतःची दुकानं, आणि लिलाव घरं. ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. सध्या मुंबई, बंगळुरू, अहमदाबाद इथली लिलाव घरं ऑनलाइन बोली घेतात आणि जुन्या लिलावांचे निकाल आपल्या साइटवर ठेवतात. भाव शोधायचा तो या निकालांतून. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची अपेक्षा असते, नाणं त्या किमतीला विकलं गेलं असं त्यातून सिद्ध होत नाही.

लिलावात हातोडा दहा हजारांवर पडला तर तुमच्या खिशातून दहा हजार जात नाहीत. खरेदीदाराकडून घेतला जाणारा प्रीमियम वर लागतो. तो १५ टक्के धरला तर दीड हजार, कुरिअर आणि विम्याचे दोनशे, झाले ११,७००. जीएसटी पूर्ण रकमेवर आहे की फक्त प्रीमियमवर, हे बोली लावण्याआधी लेखी विचारा. लंडनच्या लिलाव घरांत प्रीमियम वीस टक्क्यांच्या पुढे असतो, शिवाय इथे येताना कस्टमचा खर्च.

आता तेच नाणं वर्षभराने तुम्ही विकायला ठेवलंत. हातोडा पुन्हा दहा हजारांवर पडला आणि विक्रेत्याचं कमिशन १२ टक्के असेल तर हातात ८,८०० येतात. भाव पडलाच नाही, तरी २,९०० रुपये गेले. नुसती बरोबरी साधायला हातोडा जवळपास १३,३०० वर पडावा लागतो, म्हणजे एक तृतीयांश वाढ. नाण्यांकडे गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याने हा फरक आधी कागदावर मांडावा. थोड्या दिवसांत घेऊन विकणाऱ्याला तो भारी पडतो. दहा-पंधरा वर्षं ठेवायची तयारी असलेल्यालाच तो झेपतो.

गटांमध्ये कमिशन नसतं, पण तिथे तुमचं रक्षणही कुणी करत नाही. खरेदीआधी दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि तराजूवर ठेवलेल्या नाण्याचे फोटो मागा, दिवसाच्या उजेडात काढलेले. नाणं तिरकं धरून फिरवताना घेतलेला छोटा व्हिडिओ मागितला तर घासल्याच्या रेषा बऱ्याचदा त्यात दिसतात. नाणं नकली निघालं तर परत घेणार का, किती दिवसांत, हे गप्पांत नको, लेखी निरोपात घ्या. पन्नास रुपयांचा भोकाचा पैसा घेताना एवढं करायची गरज नाही. नव्या संग्राहकाने सुरुवात अशाच तांब्याच्या पै-पैशांपासून करावी, चूक झाली तरी फार जात नाही. नंतर पुण्यात भरणाऱ्या कॉइनेक्ससारख्या मेळ्यात चांदीची नाणी हातात घेऊन बघा आणि मगच ऑनलाइन मोठी बोली लावा.

विकताना

घरातली नाणी विकायची असतील तर आधी साल, राजा, धातू आणि वजन लिहून यादी करा. साधी नाणी एका बाजूला, शंकेची दुसऱ्या. साध्या नाण्यांसाठी लिलावाची वाट बघू नका. दोन-तीन डीलरांना यादी आणि फोटो पाठवून दर घ्या आणि ते त्या दिवशीच्या चांदीच्या भावाशी ताडून पाहा. शंकेतलं एखादं नाणं चांगलं निघालं तर तेवढंच लिलावाला द्या. कमिशन, राखीव किंमत, न विकल्यास परतीचा खर्च आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे करारात बघा. शंभर वर्षांवरची नाणी धंदा म्हणून विकायला कायद्याने परवाना लागतो, म्हणून डीलरकडे तो आहे का, हे विचारणं तुमचा हक्क आहे. आणि नाणी पेटीत सापडलेली नसून वाड्याच्या भिंतीत किंवा शेतात पुरलेली सापडली असतील तर ती परस्पर विकता येत नाहीत. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्याचं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

विक्रेत्याने कधीही आधी पैसे भरायचे नसतात. तुमच्या रुपयाला लाखो देतो म्हणणारा माणूस नोंदणी फी, जीएसटी, ना-हरकत दाखला, रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र अशा नावांनी हजार-दोन हजारांपासून सुरुवात करतो, आणि प्रत्येक हप्त्यानंतर नवं कारण निघतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारांत नसते, त्यासाठी कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पाठवताना नाणं डबीत, डबी पुठ्ठ्यांच्या मधे, आणि आत काहीही खुळखुळता कामा नये. पॅकिंग करतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात तराजूवरचं वजन आणि बंद पाकिटावरचा पत्ता दिसू द्या. अनेक खासगी कुरिअर कंपन्यांच्या अटींत नाणी मुळात नाकारलेली असतात, मग पाकीट हरवलं तर भरपाई मिळत नाही. म्हणून स्पीड पोस्टने, पूर्ण किमतीचा विमा उतरवून पाठवा आणि विम्याचा खर्च किमतीत आधीच धरा. पोचपावती आणि पैसे दोन्ही हातात येईपर्यंत फोटो आणि व्हिडिओ फोनमधून काढू नका.